महादेवप्पाच्या तुतीचं डोहाळजेवण

नीलम्मा आणि तिचा भाया महादेवप्पा यांचं भांडण तेरा वर्षं चाललं होतं, आणि तेवढ्या काळात दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. सगळं भांडण शेळीच्या मार्फत व्हायचं.

भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर धाकट्याच्या बायकोनं पदर पुढं ओढायचा, नजर पायाच्या अंगठ्यावर ठेवायची आणि तोंड उघडायचं नाही, अशी रीत. नीलम्मानं रीत कधी मोडली नाही. पदर पार नाकापर्यंत यायचा. पण ज्या कुणा शहाण्यानं ही रीत घालून दिली, त्यानं शेळीशी बोलू नये असं काही सांगितलं नव्हतं. आणि नीलम्माची शेळी दिवसभर सामाईक बांधावर बांधलेली असायची. तिथून महादेवप्पाची विहीर हाकेच्या अंतरावर होती.

"बघ गं शेळे," नीलम्मा घागर कमरेवर घेऊन म्हणाली, "माणसं कोरड्या घागरी घेऊन उन्हात उभी हायत, अन् हितं झाडाच्या बुडात पाट सोडलाय. झाडाला काय पोहायला शिकवून राहिलेत का?"

महादेवप्पा विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाच्या कडेवर, बसला होता. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि शेळीकडे बघून उत्तर दिलं.

"शेळे, तुज्या मालकिनीला म्हणावं, खाण तशी माती. आई तगडी तर लेकरू तगडं. ज्याला यातलं कळत न्हाई त्यानं कडबा खावा अन् गप बसावं."

शेळी कडबा खात गप बसली. तिघांत शहाणी तीच होती.

लातूर जिल्हा होऊन दुसरं वर्ष चालू होतं. आधी साध्या सहीशिक्क्यासाठी उस्मानाबादेपर्यंत दोन एसट्या बदलाव्या लागायच्या. नवा जिल्हा झाला तेव्हा सावळवाडीनं हलगी लावून मिरवणूक काढली होती. पण झालं असं, की जिल्हा जवळ आला आणि पाऊस लांब गेला. मृगात चार थेंब, हत्ती नक्षत्रात ढगांची नुसती ये-जा. दसऱ्यालाच गावातले आड तळाला गेले आणि पाणी म्हणावं असं एकाच विहिरीत उरलं, ते महादेवप्पाच्या.

महादेवप्पा पाण्याला कुणाला नाही म्हणायचा नाही. तसा तो धर्माचा माणूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, जिभेवर शिवशिव. फक्त पाणी भरायच्या आधी त्याचं ऐकून घ्यावं लागे. तो थारोळ्यावर बसून बोलायचा आणि खालच्या आळीच्या पंचवीस बायका घागरी टेकवून माना डोलवायच्या. त्याच्या बापानं ही विहीर कशी खोदली, गावाला कशी अक्कल नाही, त्याला सरपंच न करून गावानं काय गमावलं, हे सगळं संपलं की माणशी दोन घागरी. पाणी फुकट, भाषण सक्तीचं. नीलम्मा नात्यातली, म्हणून तिच्या वाट्याला सगळ्यात शेवटचा नंबर आणि सगळ्यात लांब भाषण.

भाऊ वेगळे होऊन तेरा वर्षं झालेली. चूल वेगळी, बैल वेगळे, वरचं वावर थोरल्याला, खालचं ओढ्याकडचं धाकट्या मलप्पाला. फक्त कागद तेवढा राहिला होता. सातबारा अजून थोरल्याच्याच नावावर. मलप्पा म्हणायचा, "हाय तर हाय. कागद काय पेरता येतो का?" मलप्पा असाच. थोरला भाऊ समोर आला की त्याचा आवाज पोटात जायचा, आणि बायको समोर आली की तिथंच राहायचा.

दसरा झाल्यावर अहमदपूरहून कृषी सहाय्यक सिद्धेश्वर आला. सायकल पाराला टेकवून त्यानं गाव गोळा केलं.

"मंडळी, नव्या जिल्ह्यात रेशमाचं काम निघालंय. त्याला तुतीची रोपं पाहिजेत. दोन वर्षांमागं आमच्या खात्यानं तुमच्या हितं बांधावर तुती लावली होती, आठवतंय का?"

आठवत कसं नव्हतं! महादेवप्पा-मलप्पाच्या सामाईक बांधावर एकाच गाडीतून आलेली एकोणीस झुडपं ओळीनं लावलेली होती. गावाला तिचा एकच उपयोग ठाऊक होता, तो म्हणजे पोरं जांभळी बोंडं खाऊन तोंडं रंगवून घ्यायची.

"त्या झुडपांच्या काड्या काढून रोपं करायची. संक्रांतीनंतर प्रत्येकानं तीनशे काड्या पिशव्यांत लावायच्या, पाडवा झाला की मोठे साहेब येऊन मोजणार. अन् दुसरी गोष्ट ऐका. गावाला एक बोर मंजूर हाय. एकच. पाणी बघणाऱ्यानं दोन जागी चुन्याची खूण केलीय. एक अप्पांच्या विहिरीजवळ, दुसरी मलप्पांच्या वावरात ओढ्याच्या अंगाला. साहेब म्हणतात, ज्याची रोपं जगतील त्याच्याकडं बोर. रोपांना पाणी लागतं ना."

खालच्या आळीच्या बायकांनी एकदम नीलम्माकडे बघितलं. बोर वर झाला तर विहीरही महादेवप्पाची आणि हापसाही त्याचाच, म्हणजे भाषण दुप्पट. बोर खाली झाला तर जन्माची सुटका. नीलम्मानं पदर सावरला आणि घरी जाताना वाटेत नवऱ्याला एवढंच म्हणाली, "उद्यापासून चुलीतली राख फेकायची न्हाई."

वरच्या आठ झुडपांवर महादेवप्पाचा हक्क, खालची अकरा मलप्पाची. झुडपं एकाच वंशाची, मातीही जवळजवळ तीच. फरक काय तो चारणाऱ्याच्या हातात.

महादेवप्पाचा हात सढळ होता. त्याची लेक रत्नम्मा तेव्हा पहिल्या खेपेला माहेरी आली होती. घरात तूप, खारीक, डिंकाचे लाडू चालले होते. त्यातूनच त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"आपण लेकीला बाळंतपणाला आणतो तव्हा हात आखडतो का?" त्यानं पारावर विचारलं. "मग ह्या तुतीबी आता पोटुशाच की! ह्यांच्या अंगातून तीनशे लेकरं काढायचीत. ह्यांना चारलं पाहिजे."

आणि त्यानं चारलं. लातूरहून पेंडीची पोती आली. युरिया आठवड्याला ओंजळ-ओंजळ पडू लागला. वर गुळाचं पाणी. रोजच्या रोज पाट. माणसांना दोन घागरी, झुडपांना मोट.

सिद्धेश्वरनं एकदा हळूच म्हणून बघितलं, "अप्पा, नत्र जास्त झालं तर काडी मऊ पडती असं आमच्या ट्रेनिंगमधी…"

"सिद्धू," महादेवप्पा म्हणाला, "तुजं लगीन झालंय का?"

"न्हाई अजून."

"मग बाळंतपणातलं मला शिकवू नको. गुरम्मा, साहेबाला च्या टाक, दुधाचा!" त्यानं बायकोला हाक मारली.

त्या वर्षी दुधाचा चहा म्हणजे काय हे सिद्धेश्वरला मालूम होतं. त्यानं कप तोंडाला लावला आणि ट्रेनिंग घशाखाली गेलं.

मार्गशीर्षात तर कहर झाला. महादेवप्पानं तुतीचं डोहाळजेवण मांडलं. विनोदानं नव्हे, रीतसर. आठही झुडपांना हिरवे खण गुंडाळले, फांद्यांत बांगड्या अडकवल्या, बुडाशी हळदकुंकू. बायकांना बोलावणं गेलं. दुष्काळात शिरा मिळतो म्हटल्यावर तुती काय, बाभळीचं डोहाळजेवण असतं तरी गाव आलं असतं. गुरम्मानं एकेका झुडपाची ओटी भरली. म्हाताऱ्या शांतम्मानं गाणं धरलं. तिसरा महिना, चौथा महिना करत नवव्यापर्यंत आली आणि मध्येच थांबून म्हणाली, "पर ह्यांचा मालक कोण गं?" बायका पदरात तोंड घालून हसल्या. महादेवप्पानं ऐकलं नाही असं दाखवलं. त्याला ते जमायचं.

खरं सांगायचं तर झुडपं दिसत होती देखणी. एवढाल्या रुंद पानांनी लवलेली, हिरवीगार, अंगठ्याएवढे जाड कोवळे धुमारे आभाळाकडं निघालेले. त्या उजाड शिवारात नजर ठरत नव्हती.

नीलम्मा जाऊ म्हणून आली होती. तिनं एक धुमारा चिमटीत धरून दाबला. नख आत गेलं आणि पाणी आलं. तिनं शिरा खाल्ला, हात धुतला आणि बांधावर आल्यावर शेळीला सांगितलं.

"शेळे, ऐकून ठेव. मपल्या बापाचा उदगीरकडं पानमळा होता. वेलीचं बेणं काढायचं झालं की बाप आधी सहा महिने वेल चांगली पोसायचा, शेणखत, राख, सगळं. पर शेवटच्या महिन्यात हात आखडता घ्यायचा. खत बंद, पाणी निम्मं. म्हणायचा, आता तिला खाऊ देऊ न्हाई, साठवू द्यावं. पाण्यानं फुगलेली काडी म्हंजी मोठं घर पोकळ वासा. लेकराला वाटंत शिदोरी लागती, नुसतं बाळसं कामाचं न्हाई."

वरून महादेवप्पाचा आवाज आला. "शेळे, भिकाऱ्याच्या घरी उपासाला एकादशी म्हणतात!"

तिचा स्वतःचा हिशेब साधा होता. दिवाळीच्या आधी नऊ झुडपांना प्रत्येकी दोन पाट्या कुजलेलं शेणखत, वर चाळलेली राख. पाणी म्हणजे भांडी घासलेलं, तेही दिवसाआड. झुडपं बेताची वाढली, पानं लहान, फांद्या करड्या. पौष लागला तसं तेही निम्मं केलं. टोकाची दोन झुडपं मुरमाड जागेत होती, त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. ती वाळक्या काटक्यांसारखी नुसती उभी होती.

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी सिद्धेश्वरसमोर काड्या निघाल्या. वर महादेवप्पाचा कोयता चालला की काडीतून रस ठिबकायचा. तीनशे काड्या तासाभरात झाल्या आणि शंभर शिल्लक राहिल्या. खाली नीलम्मा काडी वाकवून बघायची. लवली तर टाकायची, कट्‌ करून मोडायला लागली तर ठेवायची. पेन्सिलीएवढी जाडी, चार डोळे, वर सरळ काप, खाली तिरका. दिवसभरात दोनशे चौसष्ट झाल्या आणि नऊ झुडपं संपली.

"छत्तीस कमी पडल्या," मलप्पा म्हणाला. "त्या मुरमाच्या दोघींच्या काढू की."

"त्या न्हाई."

"कामून? त्याबी कट्‌कन मोडतात."

"मोडतात, पर वाळून मोडतात. उपाशी हायत त्या. तिकडं अप्पाची लाडावलेली अन् ह्या उपाशी, दोघींचंबी लेकरू जगत न्हाई. आईच्याच गाठीला काही न्हाई तर ती काय बांधून देईल?"

"अगं, तीनशे म्हंजी तीनशे. कागदावर लिवलंय."

"कागद काय पेरता येतो का?" नीलम्मा म्हणाली, आणि घागर घेऊन भाषणाला गेली.

ती परत येईतो मलप्पानं छत्तीस काड्या कापून पिशव्यांत खोचल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या मागं काहीतरी करून दाखवल्याचं तेज त्याच्या तोंडावर होतं. नीलम्मानं त्या छत्तीस पिशव्या उचलून वेगळ्या ओळीत ठेवल्या आणि भोवती दगड मांडले.

"हे कशाला?" मलप्पानं विचारलं.

"तुमची ओळ हाय. नजर लागू नये म्हून."

बारा दिवसांत महादेवप्पाच्या तीनशेच्या तीनशे काड्या फुटल्या. पोपटी, लुसलुशीत पानं, दिवसाला बोटभर वाढ. गाव बघायला येऊ लागलं. तो पिशव्यांमधून फिरायचा तो बारशाला आलेल्या आजोबासारखा.

खाली दोनशे चौसष्ट काड्या जशा खोचल्या तशा उभ्या होत्या. डोळे मिटलेले. विसावा दिवस गेला, एकही पान नाही.

"शेळे," महादेवप्पा रोज विचारायचा, "तुमच्याकडं सरपण किती झालंय?"

पारावर हसणं चालायचं. सिद्धेश्वर यायचा, वर चहा प्यायचा आणि खाली नुसती घंटी वाजवून जायचा. सगळ्यात वाईट म्हणजे खालच्या आळीच्या बायका. त्या काही म्हणायच्या नाहीत. पण विहिरीवर महादेवप्पाच्या बोलण्याला पूर्वीपेक्षा जास्त मान डोलवायला लागल्या होत्या. वारा कुठला हे माणसाला आधी कळतं, मग वारा दाखवणाऱ्या कोंबड्याला.

शिवरात्रीच्या बाजारात वैरणीवाचून शेळी अहमदपूरला विकावी लागली. त्या दिवसापासून दोन्हीकडची बोलायचीही सोय गेली. महादेवप्पानं आठ दिवस बांधावरच्या दगडाशी बोलून बघितलं, पण त्यात त्याला रस वाटेना.

नीलम्माचाही धीर सुटायला लागला होता. बाप गेला होता, पानमळा पाण्यावाचून मोडला होता. उरलं होतं ते लहानपणी ऐकलेलं बोलणं. त्यातलं एखादं वाक्य आपण उलटं तर ऐकलं नाही ना? एका सकाळी ती पिशव्यांपाशी उकिडवी बसली. आधी मलप्पाच्या ओळीतली एक काडी उपटली. ती खालपर्यंत खडखडीत वाळलेली. मग छातीवर दगड ठेवून आपल्या ओळीतली एक पिशवी फाडली. माती झाडली. काडीच्या तिरक्या कापावर पांढरा गोळा धरला होता, ज्वारीच्या लाहीसारखा, आणि त्यातून केसासारख्या बारीक सात मुळ्या निघाल्या होत्या. वर अजून एकही पान नव्हतं.

ती बराच वेळ तळहातावर ती काडी धरून बसली. मग दुसऱ्या पिशवीत लावली, पाणी घातलं आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही. मलप्पाच्या पोटात आवाज राहतो, बातमी राहत नाही.

पुढच्या आठवड्यात जाऊ गुरम्मा बांधावर आली. इकडं-तिकडं बघून म्हणाली, "नीलू, आमच्याकडं काय तरी बिनसलंय गं. पानं माना टाकून राहिलीत. हे म्हणतात तहान लागली, अन् वरून पानी घालतात. एक काडी मी उपटून बघितली. बुडाला काळी, बुळबुळीत. वास मारती."

"मुळ्या?"

"मुळ्या कुठल्या! आईच्या घरून आणलेलं बारा दिवसांत खाऊन टाकलं बघ. आता हात हालवायचं नाव न्हाई."

"अक्का, त्याहीला सांगा पाणी तोडा म्हून."

"मी सांगू? मला मरायचंय का?" गुरम्मा म्हणाली. "मी तुज्यासारखी शेळी पाळलेली न्हाई."

फाल्गुन संपेपर्यंत वरची हिरवळ बसली. तीनशेतल्या अकरा पिशव्यांत जीव राहिला. तेवढ्यात खाली डोळे फुटू लागले, आधी दहा, मग पन्नास, मग मोजता येईनात. पानं लहान, पण ताठ.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी साहेब येणार होते. आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी नीलम्मानं बांधावरून बघितलं, तर महादेवप्पा कोयता घेऊन आपल्या लाडक्या झुडपांवर तुटून पडला होता. डोहाळजेवणाच्या बांगड्या फुटून खाली पडत होत्या. ताज्या पानांच्या फांद्या कापायच्या, मेलेली काडी उपसून पिशवीत ताजी फांदी खोचायची. संध्याकाळपर्यंत तीनशे पिशव्या पुन्हा हिरव्यागार.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला जीप आली. मोठे साहेब, कारकून, फोटोवाला आणि मागच्या बाजूला झेंडूचे हार. महादेवप्पा नव्या धोतरात पुढं झाला. "शरणार्थ साहेब, शरणार्थ! या, या. लेकरं बघा आमची."

साहेबांनी लांबूनच बघितलं आणि खूश झाले. "वा! दुष्काळात एवढं? फोटो घ्या हो."

फोटोवाला म्हणाला, "साहेब, एक रोप हातात धरा." साहेब वाकले. पिशवी उचलली, तोल जाऊ नये म्हणून रोपाला बुडाशी धरलं, आणि रोप हातात आलं, पिशवी खाली राहिली. कापलेलं टोक कोऱ्या पेन्सिलीसारखं स्वच्छ.

साहेबांनी दुसरं उपटलं. तिसरं उपटलं.

"मुळं कुठायत?"

"साहेब," महादेवप्पा म्हणाला, "ह्या जातीला मुळ्या जरा उशिरा…"

"कालच कापलंय हे. चीक अजून ओला आहे." साहेबांनी सिद्धेश्वरकडे बघितलं. सिद्धेश्वरनं सायकलकडे बघितलं.

"गावात हे एवढंच आहे का?"

आता बोलावं कुणी? मलप्पानं तोंड उघडलं, भावाकडे बघितलं आणि मिटलं. शेवटी म्हातारी शांतम्माच काठी टेकत म्हणाली, "साहेब, खाली बी हायत थोडी. दिसायला बारकी हायत, पर आपापल्या पायावर उभी हायत."

साहेब खाली गेले. एक पिशवी घेतली, ब्लेडनं चिरली, माती झटकली. मुळ्यांची जाळी तशीच मातीला धरून राहिली. कारकुनानं ओळी मोजल्या. दोनशे चौसष्टातली दोनशे एकवीस जिवंत.

"आणि ही दगडातली?"

"ती माजी," मलप्पा पहिल्यांदा बोलला. छत्तीसातली तीन जगली होती.

साहेब खूश होऊन म्हणाले, "नाव लिहा हो. जमीन कुणाच्या नावावर?"

कारकुनानं कागद उलटला. "महादेवप्पा. सगळा गट महादेवप्पाच्याच नावावर आहे साहेब. वरचं, खालचं, एकच खातं."

दोन पळं महादेवप्पाला उमजलं नाही. मग उमजलं. मान वर झाली, मिशीवर हात गेला.

"हाव साहेब, सगळं एकच हाय. वरचं आपलं गावाला दाखवायला लावलं होतं, कसं करू न्हाई ते कळावं म्हून. खरी रोपवाटिका ही. ही म्या केलेली."

"असं? मग इतकी मुळं कशी धरली? काय केलंत?"

आणि महादेवप्पा बोलू लागला. "त्याचं असं हाय साहेब. आई-झाड आधी चांगलं पोसायचं. शेणखत, राख. पर शेवटच्या महिन्यात हात आखडता घ्यायचा. खत बंद, पाणी निम्मं. आता तिला खाऊ देऊ न्हाई, साठवू द्यावं. पाण्यानं फुगलेली काडी म्हंजी मोठं घर पोकळ वासा. लेकराला वाटंत शिदोरी लागती, नुसतं बाळसं कामाचं न्हाई."

नीलम्मा पदराआड उभी होती. कानामात्रेचाही फरक नव्हता. म्हणजे हा माणूस बहिरा नव्हता. एकेक शब्द ऐकत होता, जपून ठेवत होता, आणि तरीही पाट सोडत होता. तिला राग यायला पाहिजे होता, पण आधी हसू आलं.

टाळ्या झाल्या. साहेबांनी झेंडूचा हार महादेवप्पाच्या गळ्यात घातला. फोटो निघाला. खालच्या आळीच्या बायकांचे चेहरे पडले.

"मग बोरचं काय करायचं?" कारकून म्हणाला. "खुणा दोन आहेत. खातं एकच."

"वरच टाका साहेब," महादेवप्पा हार नीट करत म्हणाला. "विहिरीजवळ. मोठ्या घराजवळ बरं पडंल. देखरेख राहती."

साहेबांनी मान हलवली. कारकुनानं पेन काढलं. तेरा वर्षांचं भांडण, घागरी, थारोळं, भाषणं, सगळं त्या पेनाच्या टोकावर येऊन थांबलं.

"साहेब," नीलम्मा म्हणाली.

पदर नाकापर्यंतच होता, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"नाव अप्पाचंच लिवा. हारबी त्याहीलाच शोभतो. रोपंबी त्याहीचीच, आत्ता साऱ्या गावासमोर त्याहीनीच सांगितलं. मला फकस्त एक इचारायचंय. बोर रोपांसाठी हाय ना?"

"हो."

"मग रोपं तर हितं खाली हायत. हितून वर पाणी न्यायचं का वरून हितं आणायचं? अप्पांनी एवढ्या मायेनं ही दोनशे एकवीस लेकरं वाढवली, त्याहीला ती उन्हात ठिवायची इच्छा होईल का?"

साहेबांनी महादेवप्पाकडे बघितलं. "काय हो? रोपवाटिका हीच ना तुमची?"

महादेवप्पानं मनात तोलून बघितलं. हीच म्हणावं तर बोर खाली, नव्हे म्हणावं तर हार खाली. त्यानं बायकोकडे बघितलं. गुरम्मा आभाळात ढग शोधत होती. त्यानं हारातल्या झेंडूला हात लावला. तेवढ्यात फोटोवाल्यानं विचारलं, "अप्पा, पेपरात नाव पूर्ण देऊ ना?"

"हीच," महादेवप्पा म्हणाला. "पूर्ण द्या."

नऊ दिवसांनी बोरची गाडी आली. ऐंशी फुटांपर्यंत धुरळा, शंभराला पिवळी माती. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. एकशे पस्तीसला गाळ ओला झाला आणि एकशे साठला पाणी उसळून गाडीवाल्याच्या अंगावर आलं. आमराईत कैऱ्या पडल्यावर पोरं धावतात तशा बायका घागरी घेऊन धावल्या.

पेपरातलं कात्रण महादेवप्पानं चौकटीत बसवून ओसरीवर टांगलं. त्यात तो आहे, हार आहे, पिशव्या आहेत. आता आसपासच्या गावांत तुती लावायची झाली की त्याला बोलावणं येतं. तो जातो आणि हात आखडता घ्यायचा म्हणजे काय ते तासभर समजावून सांगतो. सांगतो बरं, लोक म्हणतात.

उन्हाळा संपेतो वरच्या विहिरीनंही तळ दाखवला आणि गुरम्मा घागर घेऊन खाली येऊ लागली.

रेणापूरकडचा एक पाहुणा एकदा हापशावर पाणी प्यायला थांबला. ओंजळ धरून त्यानं विचारलं, "बाई, गोड पाणी हाय. कुणी आणला म्हणायचा हा हापसा?"

"महादेवप्पांनी," नीलम्मा म्हणाली. "आमचे भाया. लई मोठा माणूस."

मागं रांगेत गुरम्मा फिस्सकन हसली, तिच्यामागं शांतम्मा, मग सगळी आळी. पाहुण्याला कशाचं हसू ते कळेना. नीलम्मानं दांडा दाबला.

"प्या, प्या," ती म्हणाली. "हितं काही ऐकून घ्यावं लागत न्हाई."